आधी शिक्षक, मग भूमिपूजन

रत्नागिरी जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आली की जयगड, नांदिवडे, सैतवडे, वाटद-खंडाळा या सगळ्या भागात शाळांचा विषय उमेदवारांच्या तोंडी येतो. पक्ष कोणताही असो, मते साधारण सारखीच ऐकू येतात. गळक्या इमारती पाडून नव्या बांधू. प्रत्येक वर्गात डिजिटल फळा लावू. सेमी-इंग्रजी सुरू करू, म्हणजे खासगी शाळेत गेलेली मुले परत येतील. पाच-सात मुलांच्या शाळा चालवण्यात अर्थ नाही, त्या एकत्र करून एक मोठी, सुसज्ज शाळा उभारू. परिसरात एवढे मोठे उद्योग आहेत, त्यांच्याकडून निधी आणू. आणि शिक्षक कधी येणार असे कुणी विचारलेच, तर भरती मंत्रालयातून होते, ते आमच्या हातात नाही.

या यादीचा क्रमच चुकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जी गोष्ट सर्वांत आधी हवी तिला ‘आमच्या हातात नाही’ म्हणून शेवटी ढकलले आहे, आणि तिच्यावाचून बाकीच्या कशालाही किंमत उरत नाही. शिक्षक नसलेल्या खोलीतला डिजिटल फळा मुलांना काही शिकवत नाही.

म्हणून सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासूनच करतो.

प्राथमिक शाळांचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या माणसांकडे असावा, ही आपल्याकडची शंभर वर्षांची व्यवस्था आहे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आल्या. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा ते काम परिषदेकडे आणि तिच्या शिक्षण समितीकडे आले. या समितीचा सभापती निवडून आलेला सदस्य असतो. शिक्षणाधिकारी तिच्यासमोर बसून उत्तरे देतो. शिक्षकांची नेमणूक आज राज्याच्या ‘पवित्र’ या भरती पोर्टलवरून होते आणि पदे किती हे शासन ठरवते, हे खरेच आहे. पण कोणत्या शाळेत किती दिवस शिक्षक नाही, कुणाला कुठे कामगिरीवर काढले आहे, समुपदेशनात कोणती गावे रिकामी ठेवली, बदली झालेल्या शिक्षकाला त्याच्या जागी दुसरा हजर होण्याआधी का सोडले, हे सगळे प्रश्न समितीच्या टेबलावर विचारता येतात. नव्हे, ते विचारण्यासाठीच ते टेबल आहे.

आणि ते विचारणारे कुणी नसले की काय होते, हे रत्नागिरी जिल्ह्याने नुकतेच पाहिले. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका रखडत गेल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. या मधल्या काळातले निर्णय आठवून पाहा. २०२३ च्या उन्हाळ्यात आंतरजिल्हा बदल्यांमध्ये शेकडो शिक्षक एकदम जिल्हा सोडून गेले. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा ठिकठिकाणी वर्ग आहेत आणि गुरुजी नाहीत अशी स्थिती होती, मग डी.एड., बी.एड. झालेल्या स्थानिक तरुण-तरुणींना मानधनावर घेऊन वेळ निभावून न्यावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. नमुना म्हणून नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्याजवळचे पानशेत दाखवले गेले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला शिक्षकपदे मंजूर करण्याचे, निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसच्या खाली असेल तर तिथे शिक्षकाचे पदच उरेना. आमच्यासारख्या डोंगरी, विरळ वस्तीच्या जिल्ह्यावर याचा घाव सर्वांत खोल बसणार हे उघड होते. हे तिन्ही निर्णय झाले तेव्हा रत्नागिरी जिल्हा परिषदेत एकही निवडून आलेला सदस्य नव्हता.

निवडून आलेल्या सभागृहाने शासन निर्णय रद्द केला असता, असा माझा दावा नाही. तेवढा अधिकार त्याला नाहीच. पण ठराव झाला असता, वृत्तपत्रांत छापून आला असता, आमदारांना विधानसभेत त्यावर बोलावे लागले असते, आणि मुख्य म्हणजे मे महिन्यात कार्यमुक्तीचे आदेश निघत असताना ‘बदली शिक्षक कुठे आहे?’ असे विचारायला कुणीतरी उभे राहिले असते. आज जो उमेदवार म्हणतो की शिक्षकांचा प्रश्न माझ्या हातात नाही, तो निवडून येण्याआधीच या कामाचा राजीनामा देत आहे.

याच प्रश्नावर दुसरे टोक गाठणारेही आहेत. ते म्हणतात, भरती फक्त स्थानिकांचीच करा, म्हणजे बदलीचा प्रश्नच येणार नाही. या मागणीमागची वेदना मला मान्य आहे. बाहेरच्या जिल्ह्यातला उमेदवार इथे रुजू होतो, नियमाची वर्षे भरतो आणि घराकडे परततो. त्यात त्याचा दोष नाही. त्याचेही आई-वडील, घरदार तिकडे आहे. पण संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदानुसार केवळ निवासाच्या कारणावरून सरकारी नोकरी नाकारता येत नाही, आणि त्याला अपवाद करायचा तर तो अधिकार संसदेचा आहे. जिल्हा परिषदेचा उमेदवार जेव्हा ‘शंभर टक्के स्थानिक’ असे आश्वासन देतो, तेव्हा तो पाळता न येणारा शब्द देत असतो. त्याऐवजी जे करता येते ते सांगावे. आपल्याकडच्या डी.एड. झालेल्या मुला-मुलींनी शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी चांगल्या गुणांनी पार करावी, यासाठी परिषदेच्या सेस फंडातून तालुक्याच्या ठिकाणी मोफत मार्गदर्शन वर्ग चालवावेत. गुणवत्ता यादीत वर आलेली इथली मुलगी पसंतिक्रमात रत्नागिरी आपणहून घालेल, आणि ती इथेच टिकेल.

आता पटाकडे वळू. इथे सर्वांत जास्त बोलले जाते आणि सर्वांत कमी विचार होतो.

मुले कमी झाली आहेत, हे नाकारून चालणार नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना आमची घटली. मुंबईची ओढ, लहान कुटुंबे, खासगी शाळा, सगळी कारणे खरी आहेत. पण त्यावरून ‘वीसपेक्षा कमी मुले म्हणजे शाळा बेकायदा’ असा जो समज पसरवला जातो तो चुकीचा आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील २०११ च्या महाराष्ट्र नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि तिथे येणारी किमान वीस मुले असावीत असे म्हटले आहे, ते शाळा स्थापन करण्याच्या संदर्भात. चालू शाळेचे दार बंद करण्याचा आकडा म्हणून तो नियमात आलेला नाही. उलट याच कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक देऊ केले आहेत.

मग खर्चाचा मुद्दा येतो. सात मुलांवर दोन शिक्षकांचा पगार कशाला, असे विचारले जाते. जयगडचा दीपस्तंभ रात्री खाडीत किती बोटी आल्या याचा हिशेब करून लावला जात नाही. पण खर्चाचा हा युक्तिवाद नवाही नाही. खाडीच्या पलीकडे गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदे मंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांना हेच ऐकवले गेले: पैसा नाही, लोकांना इतक्यात नको आहे, व्यवस्था पेलणार नाही. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी एका संस्थानाच्या तिजोरीवर १९१७ पासून सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून दाखवले. प्रश्न तेव्हाही केवळ पैशाचा नव्हता, आजही नाही. केरळातही कमी पटाच्या शाळांना ‘न परवडणाऱ्या’ म्हणत. तिथे २०१६ मध्ये खासगी व्यवस्थापक बंद करायला निघालेल्या काही शाळा, त्यात कोझिकोडची मलापरंबाची शाळाही होती, सरकारने स्वतःकडे घेतल्या. आपले सरकार स्वतःच्याच शाळा सोडायला निघाले आहे.

समूह शाळेचा प्रस्ताव कार्यालयात बसून तयार होतो तेव्हा अंतर नकाशावर मोजले जाते. कोकणातले अंतर तसे मोजता येत नाही. जयगडच्या धक्क्यावरून समोर तवसाळ दिसते. पण फेरीबोट नसेल तर गाडीने राई-भातगावच्या पुलावरून केवढा वळसा पडतो ते या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाडी ते वाडी तसेच आहे. वरच्या सड्यावरची वाडी आणि खालची खाडीकाठची वाडी यांत सरळ रेषेत दीड किलोमीटर असेल. पण सहा वर्षांच्या मुलीला तेवढ्यासाठी पाखाडी उतरायची, मग पऱ्या ओलांडायचा, मग पुन्हा चढ चढायचा. जुलैत पऱ्याला लोंढा आला आणि साकव नसला, तर त्या दिवशी शाळा नाही. असे दिवस आठवड्यात दोन आले की मूल मागे पडते, आणि मग ‘मूलच हुशार नाही’ असा शिक्का बसतो.

इथे जयगडची आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. निवळी-जयगड रस्ता आता पूर्वीसारखा गावचा रस्ता राहिलेला नाही. बंदरातून येणारी अवजड वाहने आणि गॅसचे टँकर त्यावरून दिवसरात्र धावतात. निवळी-हातखंबा पट्ट्यात २०२५ मध्ये गॅसचे टँकर उलटून महामार्ग तासन्‌तास बंद ठेवावा लागला. वाडीतली शाळा बंद करून पहिली-दुसरीच्या मुलांना अशा रस्त्याच्या कडेने चालायला लावायचे, हा निर्णय ज्याला पटतो त्याने एकदा सकाळी साडेनऊच्या सुमाराला त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावे.

‘आमच्या काळी मुले मैलोन्‌मैल चालत होती’ असे काही ज्येष्ठ कार्यकर्ते यावर म्हणतात. महर्षी कर्वे दापोलीच्या मुरूडहून परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, हा दाखला तर नेहमीचा. त्या मुलाची जिद्द थोरच होती. पण एवढी पायपीट करून गेल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, हेही त्याच कहाणीत आहे. आणि त्या गावातले किती मुलगे, किती मुली निघूच शकल्या नाहीत, त्यांची कहाणी कुणी लिहिलेली नाही. एका कर्व्यांच्या जिद्दीवर सगळ्या जिल्ह्याचे धोरण बेतता येत नाही.

उर्दू शाळांचा तर या चर्चेत उल्लेखही होत नाही. खाडीकाठच्या मोहल्ल्यांत जिल्हा परिषदेच्या उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. मराठी शाळा जवळच्या मराठी शाळेत मिसळता येईल. पण पुढची उर्दू शाळा कितीतरी गावे टाकून असते. पट एका रकान्यात आणि अंतर दुसऱ्यात मांडताना माध्यमाचा रकानाच नसेल, तर तिथल्या मुलींचे शिक्षण चौथीतच थांबेल.

समूह शाळेच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. चार मुलांच्या शाळेत मुलाला सोबती मिळत नाहीत. कबड्डीचा संघ होत नाही, वादविवाद होत नाही. सहावी ते आठवीला गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवणारे वेगवेगळे शिक्षक लागतात. ते दहा मुलांच्या शाळेला मिळणे कठीण आहे. म्हणून मी लहान आणि मोठ्या मुलांत भेद करतो. पहिली ते चौथी किंवा पाचवीची शाळा वाडीजवळच राहिली पाहिजे, मुले सात असोत की सतरा. सहावीपासूनचे वर्ग केंद्रशाळेत एकत्र करायला हरकत नाही. पण आधी शाळेची गाडी सुरू होऊन एक पावसाळा तरी नीट चालली पाहिजे आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी लेखी संमती दिली पाहिजे. वाहतूक भत्ता खात्यावर जमा करू, हे पुरेसे नाही. पैसे खात्यावर येऊनही वाडीत रिक्षाच येत नसेल तर मूल शाळेत कसे पोहोचणार?

वाडीतल्या लहान शाळेत शिक्षक असून नसल्यासारखा कसा होतो, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. द्विशिक्षकी शाळा. त्यातल्या एका बाई प्रभारी मुख्याध्यापक. सकाळी त्यांनी पोषण आहाराचे तांदूळ मोजून द्यायचे, शिजल्यावर चव घेऊन नोंदवहीत सही करायची, आज किती मुले जेवली ते मोबाइलवर भरायचे. रेंज नसली तर त्यासाठी सड्यावर जायचे. यू-डायसची माहिती, आधार जोडणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, कुणीतरी संध्याकाळी पाचपर्यंत मागवलेला तक्ता. मग तालुक्याला प्रशिक्षण किंवा बैठक. त्या दिवशी उरलेल्या गुरुजींसमोर एकाच खोलीत चार वर्ग: पहिली पाटीवर मुळाक्षरे गिरवते आहे, दुसरी-तिसरी पाढे म्हणते आहे, आणि चौथीतली मुलगी भागाकारात बाकी का उरली हे विचारायला वही घेऊन उभी आहे. गुरुजी तिच्याकडे वळेपर्यंत पहिलीतला मुलगा रडतो. दुसरे पद रिक्त असेल तर हे रोजचेच. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामाला शिक्षक लावू नये असे म्हटले आहे. माहिती भरण्याचे काम त्या अपवादांत येत नाही. दर केंद्राला एक माहिती भरणारा कर्मचारी सेस फंडातून द्या, अशी मागणी मी एकाही जाहीरनाम्यात वाचलेली नाही. नव्या कमानीपेक्षा त्याने शाळेचा जास्त फायदा होईल.

सेमी-इंग्रजीबद्दल थोडक्यात. पालक खासगी शाळेकडे जातात ते केवळ इंग्रजीसाठी, असे मला वाटत नाही. तिथे प्रत्येक वर्गाला बाई असते आणि गाडी दारात येते, हे त्यांना दिसते. ज्या शाळेत दोन पदांपैकी एक रिकामे आहे तिथे सेमी-इंग्रजीची पाटी लावून पट वाढणार नाही.

इमारतींचा प्रश्न खरा आहे. ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ चक्रीवादळांनंतर उडालेली कौले, पत्रे आपण पाहिले आहेत. निर्लेखनाची, म्हणजे पाडण्याच्या मंजुरीची, वाट पाहणाऱ्या धोकादायक खोल्यांत मुले बसता कामा नयेत. पण बांधकामाचे भूमिपूजन होते, फलक लागतो, छायाचित्र छापून येते. रिक्त पदावर शिक्षक आणला, तर त्याचा फलक लागत नाही. म्हणून सदस्याचा सगळा वेळ बांधकामाकडे जातो. मतदारांनी हे बदलायला हवे, कारण फलक वाचून मत देणारेही आपणच आहोत.

उद्योगांच्या निधीबद्दल मला गंभीर शंका आहे. १८ सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेने देणगीदारांना शाळेला हवे ते नाव देण्याची मुभाही दिली. बाके, स्वच्छतागृहे, संगणक कुणी देत असेल तर घ्यावेत, आभार मानावेत. पण जयगडमध्ये शाळा आणि उद्योग यांचा संबंध देणगीपुरता नाही. १२ डिसेंबर २०२४ रोजी इथल्या औद्योगिक परिसरातून वायुगळती झाली आणि जवळच्या नांदिवडे येथील माध्यमिक शाळेतल्या मुलांना उलट्या, डोळ्यांची जळजळ, श्वासाचा त्रास सुरू झाला. अनेक मुलांना चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागले. पालकांची त्या दुपारची धावपळ या परिसरात कुणी विसरलेले नाही.

त्या घटनेनंतर शाळांच्या प्राधान्यक्रमात सुरक्षितता वर यायला हवी होती. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या परिसरासाठी आपत्कालीन आराखडा जिल्हा पातळीवर असला पाहिजे, आणि ज्यांना धोका पोहोचू शकतो त्यांना त्याची माहिती दिली पाहिजे. मग या भागातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तो आराखडा मराठीत आणि उर्दूत लागला पाहिजे. वारा कुठल्या बाजूने आहे ते पाहून मुलांना कुठे न्यायचे, कुणाला फोन करायचा, गाडी कुठून येणार, याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी झाली पाहिजे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राणवायू आणि वायुबाधेवरच्या उपचारांची तयारी हवी. आरोग्य केंद्रेही जिल्हा परिषदेकडेच आहेत. ज्या सदस्याने शाळेसाठी कंपनीकडे हात पसरला आहे, त्याला तिच्याच दारात जाऊन हे प्रश्न ठामपणे विचारणे जड जाते. निधी मागण्याआधी सुरक्षिततेचा हिशेब मागा, मग निधीचे बोला.

हे सगळे एका सदस्याला जमेल का? जमेल, कारण यातले बरेचसे मागण्याचे आणि विचारण्याचे काम आहे. जिल्ह्यातल्या शून्यशिक्षकी आणि एकशिक्षकी शाळांची यादी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाहीर करायला लावणे, शिक्षण समितीच्या प्रत्येक बैठकीत तीच यादी पहिला विषय म्हणून घेणे, बदलीने जाणाऱ्याच्या जागी दुसरा हजर झाल्याशिवाय कार्यमुक्ती नको असा ठराव करून तो धसास लावणे, आणि शाळा बंद करण्याचा कोणताही प्रस्ताव पालकांच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ न देणे. यासाठी नवा कायदा लागत नाही. चिकाटी लागते, आणि कागद वाचायची तयारी लागते.

उमेदवार तुमच्या अंगणात येईल तेव्हा त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि विचारा: आपल्या गटात किती शाळा आहेत, आज त्यांतल्या किती शाळांत शिक्षकाचे पद रिकामे आहे, आणि कोणत्या वाडीतल्या? ज्याला हे सांगता येत नाही, त्याने शाळांविषयी दिलेल्या बाकीच्या आश्वासनांवर विश्वास ठेवू नका.